पेटीवरचं नाव

अण्णांची पेटी माजघरात, धान्याच्या कणगीशेजारी असते. काळी, पत्र्याची, दोन कोपरे चेपलेले. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं इंग्रजीत तीन ओळी आहेत : नंबर, हुद्दा, नाव. नंबराची आणि नावाची ओळ सारखीच विटली आहे, पण हुद्द्याच्या ओळीवरून बोट फिरवलं की खरखरीत लागतं. तिथे रंगाचे चार थर आहेत. शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार. दुपारी खिडकीतून तिरपं ऊन आलं की 'हवालदार'च्या 'एच'खालून 'नायक'चा 'एन' डोकावतो. लहानपणी सुट्टीत गावी गेले की तो शोधणं हा माझा खेळ होता.

पेटीत आता काकीच्या दोन गोधड्या, पितळी समई आणि कागदांनी फुगलेली एक प्लास्टिकची पिशवी आहे. त्या पिशवीपायी मी जवळजवळ दोन वर्षं पुणे ते गाव अशा फेऱ्या मारल्या. सैनिकांच्या सन्मानाबद्दल मला जे काही समजलं ते त्या पिशवीतून. व्यासपीठासमोर बसून ऐकलेल्या भाषणांतलं फारसं काही आठवत नाही.

अण्णा माझे थोरले चुलते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. आमच्या भागात "पोरगा काय करतो?" या प्रश्नाला पूर्वी दोनच उत्तरं असायची. शेती करतो, नाहीतर मिल्ट्रीत हाय. तिसरं उत्तर मुंबईचं, पण त्याला तेवढा मान नव्हता. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पत्त्यातसुद्धा अपशिंगे (मिलिटरी) असंच लिहितात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आल्याचं सांगतात. आमचं गाव एवढं नामांकित नाही. पण कुठल्याही आळीत 'ओ मेजर' म्हणून हाक मारा, दोन-तीन दारांतून तरी माणसं बाहेर येतील. शिपाई म्हणून घरी आलेला असो की सुभेदार होऊन, गावाच्या लेखी फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. सरकारनं दिली नाही ती बढती गावानं देऊन टाकली.

अण्णा १९६३ साली बेळगावला भरती झाले. चीनच्या युद्धानंतर फौज वाढवायचं काम जोरात चाललं होतं. जन्मतारीख विचारल्यावर त्यांनी शाळेच्या दाखल्यावरची सांगितली, १ जून. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची पडायची. म्हणजे अण्णांच्या फौजी कागदांची सुरुवातच एका अंदाजानं झाली. पुढे काय वाढून ठेवलं होतं त्याची ती झलक होती म्हणायची.

त्यांना मिळाली मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली, जंगी पलटण म्हणून ओळखली जाणारी. अण्णा 'आमची पलटण' म्हणायचे ते 'आमचं घराणं' म्हणावं तसं. आणि १९७१च्या डिसेंबरात ही पलटण होती जमालपूरला, आजच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकाठी.

जमालपूरची गोष्ट आम्हा पोरांना तोंडपाठ होती. पाकिस्तानची ३१ बलूच ही पलटण तिथे भक्कम मोर्चे बांधून बसलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी ९ डिसेंबरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. समोरच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान यांचं उत्तर आलं, आणि उत्तराच्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली. पुढच्या भेटीत तुमच्या हातात पेनाऐवजी स्टेनगन दिसेल अशी आशा करतो, असा मजकूर. "बघा, काय दर्जाचा माणूस!" असं अण्णा म्हणायचे. शत्रूचं इतक्या मोकळेपणानं कौतुक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तोवर कर्नल ब्रार यांच्या हाताखाली जंगी पलटण नदी ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला, टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली होती. १० तारखेच्या रात्री ३१ बलूचनं तो वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला, तो याच वाटेनं.

इथे आलं की अण्णा थांबायचे. तंबाखूची डबी काढायचे, चुना लावायचे, मळत राहायचे. मग एकदम दुसऱ्या दिवसाची सकाळ. त्या रात्रीचं ते कधीच बोलले नाहीत. पलटणीला 'जमालपूर' हा युद्धसन्मान मिळाला, त्या ठिकाणी पाकिस्तानची दोनशेहून जास्त माणसं पडली, हे सगळं मी पुढे वाचून गोळा केलं. अण्णांकडून मला फक्त चिठ्ठी आणि सकाळ मिळाली.

त्यापुढचं मात्र ते हसत सांगत. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ आपले छत्रीवाले उतरले होते, २ पॅरा. जमालपूर पडल्यावर जंगी पलटण दक्षिणेकडे सरकत पुंगली पुलाशी त्यांना जाऊन मिळाली. अंधारात पुढे कोण आहे कळेना. तेवढ्यात पलीकडून कुणाचा तरी पाय चिखलात रुतला असावा, कारण आईवरून एक अस्सल मराठी शिवी ऐकू आली, आणि अलीकडच्यांनी घोड्यावरची बोटं काढली. खरं किती ते अण्णाच जाणोत. गोष्ट इतकी चांगली होती की आम्ही कधी उलटतपासणी घेतली नाही.

पण शिवी मराठीच असणार, एवढं मला आता पटलंय. २ पॅरा ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये मराठा पलटणींतल्या ज्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यातले एक या तिसऱ्या बटालियनचे होते आणि दुसरे पहिल्या बटालियनचे. म्हणजे पुंगलीच्या पुलावर त्या दोघांच्या पलटणी एकमेकींना भेटल्या. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते नुसते "मग?" म्हणाले. त्यांना ते आधीच माहीत होतं आणि त्यात सांगण्यासारखं काय, हेही.

तिसऱ्या बटालियनचे ते नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्यांचं गाव. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगन चालली आणि त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले, बॉम्ब टाकला, टॉमीगन चालवली, आणि मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा तीच बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. त्यांची कबर सापडत नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे, माणगावात पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोने या गावानं त्यांच्या नावानं एक सूर्यघडी उभारली. १९४५ मध्ये त्यांच्या तरुण विधवेनं व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून ते पदक घेतलं. त्या समारंभाच्या मी पाहिलेल्या फोटोखाली ती फक्त 'नाईक घाडगे यांची विधवा' आहे. तिचं नाव शोधायला मला दुसरीकडे जावं लागलं.

पहिल्या बटालियनचे ते नामदेव जाधव, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीच्या बांधावर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून एकेक करून मागे आणलं, मग परत जाऊन तीन मशिनगनचे मोर्चे गप्प केले आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. ते जगले. १९८४ साली पुण्यात वारले. युद्धानंतर एकोणचाळीस वर्षं. माझं मन घुटमळतं ते या एकोणचाळीस वर्षांपाशी. बांधावरची ती घटना काही मिनिटांची किंवा फार तर काही तासांची असेल, आणि तिच्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. पण त्यापुढच्या एकोणचाळीस वर्षांत या माणसानं सकाळी उठून काय केलं, हे कोण सांगणार?

अण्णांचं मी सांगू शकते. १९८० साली, पस्तिसाव्या वर्षी, सतरा वर्षांची नोकरी करून ते 'पेन्शन आले'. आमच्याकडे असंच म्हणतात. पेन्शन माणसाला येत नाही, माणूसच पेन्शन येतो. शहरात माणूस या वयात कुठे स्थिरस्थावर होऊ लागतो, आणि फौजेतला शिपाई निवृत्त होतो. पोरं शाळेत, आई-बाप म्हातारे, जमीन दीड एकर जिरायती. मग एका साखर कारखान्याच्या गेटवर वीस वर्षं राखणदारी. ज्यानं टांगाईलचा रस्ता अडवला होता तो उसाच्या ट्रॅक्टरच्या पावत्या तपासू लागला. त्याचं त्यांना दुःख होतं का? मला कधी दिसलं नाही. पहाटे साडेचारला उठणं, स्टीलच्या मगात पाणी घेऊन दाढी, अंथरुणाची चौकोनी घडी, गेटवर जातानाही बुटाला पॉलिश. महिन्यातून एकदा साताऱ्याच्या कँटीनला फेरी. तिथून साबण, चहापूड आणि रमचा कोटा यायचा. तो आठवडाभर गावात अण्णांना फार मान असे. "काय मेजर, तब्येत बरी हाय न्हवं?" असं दोनदा विचारून माणूस ओट्यावर टेकला की अण्णा ओळखायचे. "कोटा संपला," असं तो पहिला घोट घ्यायच्या आधीच सांगून टाकायचे.

नोव्हेंबर आला की गावातले पाच-सहा मेजर एकाच वडापमध्ये बसून तालुक्याला जायचे, हयातीचा दाखला द्यायला. आपण जिवंत आहोत हे दर वर्षी जाऊन सांगायचं. २०१४ नंतर ते अंगठ्यावर आलं. कुदळ-खोऱ्यानं रेषा झिजलेले अंगठे यंत्राला ओळखू येईनात. एकदा अण्णांचा अंगठा चार वेळा नापास झाला तेव्हा रांगेतल्या दुसऱ्या मेजरनं सुचवलं, "अरे, सलाम ठोकून बघ त्याला." सगळी रांग हसली. अण्णाही हसले. घरी आल्यावर मात्र अंगठा पाण्यात भिजवून बराच वेळ बघत बसले होते.

शालींचंही सांगायला हवं. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १६ डिसेंबरचा विजय दिवस, आणि शेवटच्या काही वर्षांत १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली १४ जानेवारीला निवृत्त झाले म्हणून ती तारीख. प्रत्येक वेळी कुठे ना कुठे शाल आणि नारळ. नारळाची काकी बर्फी करायची. शाली इतक्या झाल्या की एका थंडीत एक वासराच्या पाठीवर गेली, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त सत्कार झालेला प्राणी तो ठरला. अण्णांना कार्यक्रम आवडत. कुणी बोलावलं नाही तर रुसत. पण परत आल्यावर एकच तक्रार करायचे : निवेदकानं नाव चुकीचं घेतलं. आडनाव बरोबर, पण वडिलांचं नाव भलत्याचंच. "एवढी शाल दिली, नाव इचारायला काय झालं व्हतं?"

२०१९च्या ऑगस्टमध्ये अण्णा गेले. पाऊस मुसळधार होता, सरण पेटायला वेळ लागला. गावातले सगळे मेजर टोप्या घालून आले, रांगेत उभे राहिले. कुणी हुकूम दिला नाही, तरी हात एकदम वर गेले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक खुलं झालं होतं. अण्णांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि मला दोन नावं लिहून दिली. त्यांच्या कंपनीतले दोघे, त्या न सांगितलेल्या रात्री गेलेले. "बघून ये हाईत का." ते असेपर्यंत मला जमलं नाही. डिसेंबरात गेले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५,९४२ जणांची नावं तिथे कोरली होती. एक नाव लगेच सापडलं. दुसरं सापडेना. यादीत इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळ्या तऱ्हेनं घालून पाहिलं, शेवटी 'व्ही'च्या जागी 'ओ' करून पाहिल्यावर तिसऱ्या वेळी मिळालं. दगडासमोर उभी राहिले आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता हे सांगायचं कुणाला.

तोवर काकीच्या पेन्शनचं घोडं अडलं होतं. पती गेल्यावर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि ते मिळण्यात खरं म्हणजे अडण्यासारखं काही नाही. पण अण्णांच्या फौजी कागदांत पत्नी म्हणून जिचं नाव होतं, त्या नावाची बाई गावात कुणाला माहीत नव्हती. आधारकार्डावर एक, रेशनकार्डावर तेच, बँकेच्या पासबुकात तेच, आणि फौजेच्या कागदात भलतंच. एका खिडकीवरच्या माणसानं चष्म्याआडून विचारलं, "मेजरना दुसरी बायको होती का?" काकी माझ्याशेजारीच उभी होती.

गाडीत बसल्यावर मी काकीला ते नाव वाचून दाखवलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "कुठं लिवलंय, दाव." काकीला वाचता येत नाही, आणि कागद तर इंग्रजीत. मी तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं.

ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, तसं तिचंही लिहिलं होतं. माहेरचं नाव एका फुलाचं, सासरचं एका देवीचं. त्या दिवसापासून माहेरच्या नावानं हाक मारणारं सासरी कुणी उरलं नाही. पण काकी ही अण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी. लहानपणापासून त्यांनी तिला त्या फुलाच्या नावानंच ओळखलेलं. लग्नानंतर फौजेत पत्नीचं नाव लिहून द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेच दिलं. विसरून दिलं की मुद्दाम दिलं, आता कोण सांगणार. चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची सोय नसलेला तो काळ. पण सरकारच्या दप्तरात ते नाव पन्नास वर्षं जसंच्या तसं होतं.

या काळात मी पहिल्या महायुद्धाविषयी वाचत होते. अण्णांची पलटण तेव्हा १०३ क्रमांकाची होती आणि ती मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात सापडली होती. सोबत ११० आणि ११७ या आणखी दोन मराठा पलटणी. १९१५च्या डिसेंबरात पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ला शरणागतीनं संपला. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यातली कितीतरी पुढच्या वाटचालीत आणि छावण्यांत भुकेनं, रोगानं मेली. त्या मोहिमेत कामी आलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. ब्रिटिश सैनिकांची त्यावर नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीगणिक आकडे आहेत : 'आणि इतर एवढे'. पुढे २०२१ साली युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाच्या समितीनंच कबूल केलं, की त्या युद्धातल्या किमान एक लाख सोळा हजार माणसांची, बहुतेक आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतल्या, नावानं आठवण ठेवलीच गेली नाही, आणि हिंदी सैनिकांच्या बाबतीत भेदभाव झाला.

अपशिंग्यासारख्या गावांतली, माण-खटावातली, कोकणातली किती माणसं त्या 'इतर एवढे'मध्ये आहेत कुणास ठाऊक. त्यांच्या घरीही पेट्या असतील. कदाचित त्यांच्या बायकांची माहेरची नावं कुठल्या तरी रजिस्टरात पडून असतील.

आमचा गुंता सोडवला तो एका निवृत्त मेजरनं, म्हणजे गावाच्या हिशेबानं मेजर. हे गृहस्थ फौजेत क्लार्क होते. बाजाराच्या दिवशी तालुक्यातल्या एका चहाच्या टपरीवर जुनी ब्रीफकेस घेऊन बसतात आणि माजी सैनिकांच्या, त्यांच्या विधवांच्या अर्जांची कामं करतात. पैसे घेत नाहीत, फक्त चहा. पेन्शनचे सगळे फॉर्म, वन रँक वन पेन्शनचे फरक, वैद्यकीय कार्डाची भानगड, ग्रामपंचायतीची घरपट्टी माफी, सगळं त्यांना पाठ. गोळीला तोंड देण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला की नाही मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण मधल्या सगळ्या लॉकडाऊनसकट जवळजवळ दोन वर्षं त्यांनी तो कागद हातातून खाली ठेवला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "वहिनी, मेजरांचा नंबर?" मी पिशवी उपसायला लागले. काकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सात आकडे घडाघडा म्हणून दाखवले. मी बघतच राहिले. अक्षरओळख नसलेली बाई! मग तिनंच सांगितलं. पूर्वी पत्र लिहायचं तर गुरुजींकडून लिहून घ्यावं लागे. मजकूर गुरुजींच्या मनाचा, 'इकडील सर्व ठीक' वगैरे. पण पाकिटावरचा पत्ता चुकला तर पत्र पोचायचं नाही, म्हणून नंबर, हुद्दा, नाव, पलटण, द्वारा ५६ एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, हे ती स्वतः सांगायची आणि गुरुजींकडून दोनदा वाचून घ्यायची. सतरा वर्षं. मंगळागौरीची गाणी विसरली असेल, नंबर विसरली नाही.

ब्रीफकेसवाल्या मेजरांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की उपरोक्त दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मी स्वतः आहे.' मी तो काकीला वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. मग अंगठा उठवला.

माझं स्वतःचं पॅनकार्ड एका आडनावाचं आहे आणि पासपोर्ट दुसऱ्या. पण ते जाऊ दे.

पेन्शन सुरू झाली, थकबाकीसकट. त्यानंतरच्या संक्रांतीला मी गावी होते. सकाळी कुणा वीरपत्नीच्या सत्काराची बातमी मोबाइलवर फिरत होती, १४ जानेवारी होता ना. संध्याकाळी आळीत हळदीकुंकू होतं आणि काकी माजघरात गहू निवडत बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. विधवेला बोलावत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं पुढे २०२२च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून विधवांबाबतच्या अशा प्रथा बंद केल्या, त्यावरून सरकारनंही परिपत्रक काढलं. हेरवाड ज्या शिरोळ तालुक्यात आहे त्याच तालुक्यात सैनिक टाकळी हे घरटी फौजी असलेलं गाव आहे. ठराव आमच्याही ग्रामपंचायतीत झाला. हळदीकुंकवाला काकीला बोलावणं अजून आलेलं नाही. व्यासपीठावर नारळ देताना ज्या हाताचं काही बिघडत नाही, त्याच हाताला आळीत कुंकवाची कोयरी जड होते.

२०२३च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत गावोगाव शिलाफलक लागले. आमच्याकडेही लागला, कामी आलेल्यांच्या नावांचा. त्यावर ग्रामसभेत बरीच वादावादी झाली. परत आलेल्यांचं काय? एका तरुणानं विचारलं, त्यांनी काय केलं असं लिहायचं, जिवंत राहिले? हशा पिकला, आणि मग पिकायला नको होता असं सगळ्यांच्याच ध्यानात आलं. शेवटी ठरलं की शाळेच्या भिंतीवर गावातल्या सगळ्या फौजींची नावं रंगवायची, भरतीच्या वर्षाच्या क्रमानं. यादी करायचं काम माझ्यावर आलं. तीन रविवार घरोघर फिरले. प्रत्येक घरी कागद दाखवून खात्री करून घेतली. 'व्ही' की 'ओ', वडिलांचं नाव हेच ना, सगळं.

दिवाळीत रंगारी आला. भिंत दोन दिवसांत झाली. अण्णांचं नाव वरून नववं आलं. काकी ते बघायला शाळेत आली, जरा वेळ उभी राहिली, बरं झालं म्हणाली. मग रंगाऱ्याला म्हणाली, "घरी ये, एक काम हाय."

तिनं पेटी ओढून ओट्यावर आणली होती. मला वाटलं, वरचं विटलेलं नाव पुन्हा रंगवून हवं असेल. रंगाऱ्यालाही तसंच वाटलं. त्यानं ब्रश बुडवला. काकीनं त्याचा हात थांबवला आणि झाकण उघडलं. आतली बाजू कोरी होती, गोधड्या तिनं आधीच काढून ठेवल्या होत्या.

"हितं," ती म्हणाली. "भाईर त्येंचं हाय." आणि तिनं ते फुलाचं नाव सांगितलं.

रंगाऱ्यानं सवयीनं विचारलं, "म्होरं आडनाव कुठलं? माहेरचं का सासरचं?"

"नुसतं नाव लिव."